तीन वाक्यं, त्यातलं एक खोटं

रविवारची वंदना झाली की विहारातल्या चटया गुंडाळू नका, असं मी गावातल्या बायांना सांगून ठेवलं होतं. त्याच चटयांवर माझा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरायचा. गाव झरीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. मी परभणीहून स्कूटीवर जायची. वर्ग फुकट. पत्रकात मी लिहिलं होतं, ‘इंग्रजी ही कुणाच्या बापाची जहागीर नाही.’ पत्रक मीच लिहायची, मीच वाटायची. संघटनेत शिरल्यापासून तेवढंच तर शिकले होते. वाक्य आखूड ठेवायचं, दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगायचं, शेवटी हाक द्यायची.

व्याकरण मी वर्गात येऊच दिलं नाही. खेळ आणले. जुन्या मोज्यांचा एक चेंडू केला होता. ज्याच्या हातात पडेल त्यानं इंग्रजीत बोलायला लागायचं. अडखळला की बाकीच्यांनी मोठ्यानं पाचापासून उलटे आकडे म्हणायचे. शून्य आला की उठून भिंतीकडे बसायचं. भिंतीकडचं कुणी रडलं तरी चेंडू थांबायचा नाही. ‘मुलाखतीत कोण थांबणार हाय तुमच्यासाठी?’ मी विचारायची. मला ते लय बाणेदार वाटायचं. अकरावीतल्या एका मुलीला आकडे ऐकता ऐकता ओकारी झाली. मी तिला पाणी दिलं, फडकं दिलं आणि चेंडू पुढच्याकडे टाकला.

मला स्वतःला बोलायची भीती कधी वाटली नाही, हे इथंच सांगून टाकते. वडील मास्तर, परभणीत आमचं स्वतःचं घर, माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गातली पोरं कापूस वेचणाऱ्यांची, ऊस तोडणाऱ्यांची. आम्ही सगळे एकाच समाजाचे, म्हणून सगळ्यांचं दुःखही एकच, असं मी धरून चालले होते. बापाच्या पगाराचा विषय माझ्या एकाही पत्रकात आलेला नाही.

वर्गात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. आठवडाभर परभणीत कॉलेजजवळ भाड्याची खोली करून राहायची, शनिवारी गावी यायची. बाप सालगडी. त्यानं एका अटीवर तिला शिकू दिलं होतं. घरमालकीण खाली राहते, बाई सज्जन आहे, तोवर खोली ठेव. खोली सुटली की घरी ये. गावातून पहिली एसटी परभणीला पोचेपर्यंत सकाळचं प्रॅक्टिकल अर्धं उरकलेलं असायचं. म्हणजे खोली गेली की पदवी गेली. हे तिनं मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

चेंडूच्या खेळात ती दर वेळी भिंतीकडे. तोंडातून ‘आय’ बाहेर पडायचा आणि पुढं काही नाही. पोरं आकडे म्हणायला तिचीच वाट बघायची. ‘ताई, हिला आधीच बसवा की तिकडं, वेळ तरी वाचंल,’ एक पोरगं म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

चौथ्या रविवारी मी नवा खेळ काढला. स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी, एक खोटं. बाकीच्यांनी खोटं कोणतं ते ओळखायचं आणि इंग्रजीतच प्रश्न विचारून उलटतपासणी घ्यायची. पोरांनी आपापल्या बैलांबद्दल, मामांबद्दल कायबाय सांगितलं. मग तिची पाळी आली. मी फोन उभा धरला.

‘ताई, फोन चालू हाय का?’ तिनं विचारलं.

‘आपल्या वर्गापुरता. बोल तू.’

ती बोलली. ‘आय लिव्ह इन अ रूम निअर माय कॉलेज. माय हाउस ओनर गिव्ह्ज मी साबुदाणा खिचडी एव्हरी एकादशी. शी नोज आय अ‍ॅम बुद्धिस्ट.’

‘थर्ड!’ सगळा हॉल एकदम ओरडला. एका पोरानं विचारलं, मग ती तुला कोण समजते. आणि त्या मुलीच्या तोंडाला जी धार लागली ती थांबेना. मोडकं इंग्रजी, पण एकदाही अडली नाही. मालकिणीनं आडनाव विचारलं. ते आडनाव आमच्यातही आहे आणि त्यांच्यातही. मालकीण स्वतःच म्हणाली, म्हणजे आमच्यातलीच तू, आणि हिनं नुसती मान हलवली. फोटो भिंतीला लावता येत नाही म्हणून वहीत ठेवते. कोणाचा फोटो, हे त्या हॉलमध्ये कुणाला सांगावं लागलं नाही. घरात शिरताना मालकीण पाय धुवायला लावते, तर ही दोनदा धुते, एकदा तिच्यासाठी आणि एकदा गंमत म्हणून. तिनं मालकिणीची पदर सावरायची लकबही करून दाखवली. भिंतीकडे बसणारी ती पोरगी आख्ख्या हॉलला हसवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपला खेळ चालला म्हणून आलं.

घरी जाऊन मी तो व्हिडिओ फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, ‘फक्त चार रविवार. भीती गेली.’ तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती हे मला पक्कं ठाऊक होतं. विचारलं नाही ते त्याचसाठी. भीतीला मत नसतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटल्याचं आठवतं. पत्रकात शोभलं असतं.

बुधवारपर्यंत तो पेडगावच्या, सेलूच्या, कुठल्या कुठल्या गटांत फिरला. गुरुवारी दुपारी ती आमच्या दारात उभी होती, एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात पिशवी. मालकिणीला तिच्या भाच्यानं व्हिडिओ दाखवला होता.

‘आरडाओरडा केला का तिनं?’ मी विचारलं.

‘न्हाई. जिन्यात उभी ऱ्हायली. म्हणली, मला इंग्रजी येत न्हाई, पर भाच्यानं समदं समजावून सांगितलं. लय गोड बोलायलीस की गं. अन् मग म्हणली, दुपारपर्यंत खोली मोकळी कर.’

‘आणि?’

‘तिचा डबा होता माझ्याकडं, खिचडीचा. घासून द्यायला गेले. तर म्हणली, ठेव तुझ्याजवळच, आता आमाला काय उपेग त्याचा.’

एकादशीला स्वतः जिना चढून खिचडी देणारी बाई. वर्षभर त्या डब्याला काही झालं नव्हतं. मला संताप आला आणि संताप आला की मी जे करते तेच केलं. कागद ओढला, पत्रक लिहिलं. तिला समोर बसवून वाचून दाखवलं. पहिल्या ओळीत मालकीण, शेवटी हाक.

‘तुझं नाव टाकते,’ मी म्हणाले.

‘ताई, परीक्षा नऊ दिवसांवर हाय.’

‘म्हणूनच तर. दबाव येईल.’

‘कोणावर?’

मी पत्रकात तिच्या नावासाठी जागा शोधत होते तेवढ्यात ती म्हणाली, ‘आधी तो व्हिडिओ काढा.’ मी काढला. पण तोवर तो माझ्या हातात राहिला नव्हता. संघटनेच्याच पोरांनी तो पुढं पाठवला होता, टाळ्यांच्या चिन्हांसकट.

‘बापाला कळायच्या आत खोली पाहिजे,’ ती म्हणाली. ‘त्याला कळलं तर तो मला कापूस वेचायला नेईल.’

आमच्या घरी राहा, असं मी म्हणाले का? म्हणाले. आई स्वयंपाकघरातून आली, दाराला टेकून हळूच विचारलं, ‘किती दिवस?’ वरच्या मजल्यावरची आमची खोली रिकामी होती, गव्हाच्या कोठीशेजारी. दुसऱ्याच्या खोल्यांवर पानं भरून लिहिणाऱ्या मला आईला एक वाक्य बोलता आलं नाही. मुलीनंच उत्तर दिलं, ‘उद्याच जाते काकू.’

सकाळी वळकटी स्कूटीला बांधून आम्ही खोली शोधायला निघालो. पहिल्या दारात एका बाईनं खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, मग विचारलं, ‘तुमी कोन्या समाजाचे?’

मुलगी माझ्याकडे बघायच्या आत मी बोलले, ‘बौद्ध. काही अडचण?’

‘न्हाई न्हाई, अडचण कसली,’ बाई म्हणाली. ‘पर खोली कालच एकाला बोलून ठिवलीय. इसरलेच बघा.’

दुसऱ्या दाराला ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती. तिथल्या गृहस्थानं खाण्यापिण्याचं विचारलं. त्या प्रश्नामागचा प्रश्न मला कळला आणि मी त्याला राज्यघटना ऐकवली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतली. ‘बाई, तुमी खोली बघायला आल्यात का भाषण करायला?’ म्हणाला आणि दार लोटलं. मी पायरी उतरले तेव्हा मला बरं वाटत होतं. एकाला तरी तोंडावर सुनावलं. मुलगी मागं उभी होती, हातात पाटीवरून उतरवलेला नंबर. तो कागद तिनं चुरगाळला.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

‘ताई, तुमी इथंच थांबा.’

‘काहून?’

‘तुमच्या बोलण्यानं मला खोली मिळत न्हाई.’

ती एकटी गेली. गल्लीतल्या चौथ्या घराच्या जाळीच्या दारातून मला तिची पाठ दिसत होती. आत एक म्हातारी खुर्चीवर बसलेली. मुलीचे हात हलत होते, मान हलत होती. म्हातारीनं काहीतरी विचारलं. मुलीनं लगेच उत्तर दिलं. म्हातारी हसली. आमच्या हॉलमध्ये ती जशी न अडता बोलली होती तशीच ती तिथं बोलत होती, फक्त मला काही ऐकू येत नव्हतं. वीस मिनिटांनी ती किल्ली घेऊन बाहेर आली.

‘काय सांगितलंस?’ मी विचारलं.

‘तुमाला काय करायचंय त्याच्याशी.’

‘तसं नाही, मी...’

‘खोलीवर येऊ नका ताई. वर्गाला पण मी येणार न्हाई. पत्रकं वाटून तुमचं तोंड समद्यांना म्हाईत झालंय. तुमच्यासंग दिसले तर हीबी जाईल.’

तिनं स्कूटीवरची वळकटी सोडवली. मी उचलू लागायला हात घातला तर म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या.’ पिशवी खांद्याला, वळकटी छातीशी धरून ती गल्लीत शिरली. जाळीचं दार उघडलं, म्हातारीनं तिला पाय धुवायला नळ दाखवला.

म्हातारीनं बाहेर डोकावू नये म्हणून मी स्कूटी चालू केली नाही. ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत नेली.