कॅप्टनला सवय झाली

कॅप्टन माणसाचं वजन नुसतं बघून सांगायचा, आणि तेही तोंडावर. दोह्यातल्या अल गराफा भागात एका दिवाळी फराळाला यजमानीणबाईंनी त्याच्यापुढे चकल्यांचं ताट धरलं, तर हा त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "पंच्याहत्तर. दागिने धरून." वसुधावहिनी, म्हणजे त्याची बायको, कपाळाला हात लावून बसल्या. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत छोटं विमान चालवणाऱ्याला माणूस, शेळी, पिठाचं पोतं, सगळं तोलूनच आत घ्यावं लागतं आणि काटा बिघडला तर नजरेवर भागवावं लागतं, हे त्या बाईंना कोण समजावणार?

मी चाट पडलो तो वेगळ्या कारणाने. हा आमचाच कॅप्टन आहे यावर माझा विश्वास बसेना. अल हिलालला आम्ही शेजारी होतो तेव्हा तो दोह्याहून मोठमोठी विमानं न्यायचा आणि भारीतल्या हॉटेलातही स्वतःची उशी घेऊन जायचा. चहा सांडून बशीत आला तर पीत नसे. तो जेवायला येणार म्हटलं की माझी बायको आदल्या दिवसापासून स्वयंपाकघर घासायला घ्यायची.

साथीच्या काळात त्याची नोकरी गेली. घरी बसून बसून तो इतका चिडका झाला की आफ्रिकेतल्या खेड्यांना औषधं पोचवायचं आणि तिथले रोगी शहरात आणायचं काम मिळालं, तेव्हा वहिनींनीच सुटकेचा निःश्वास टाकला. तिथून पहिला फोन मला आला. "अरे, संडास म्हणजे नुसता खड्डा आहे! वर वटवाघळं लटकतायत आणि खाली मी!" पुढच्या फोनमध्ये प्यायच्या माठात बेडूक निघाला होता, आणि स्वयंपाकीणबाईंनी तो बाहेर काढून तेच पाणी त्याला पेल्यात भरून दिलं होतं. "मी इथे महिनाभरसुद्धा टिकत नाही, लिहून घे," असं तो दर वेळी म्हणायचा. मग तक्रारी कमी होत गेल्या. एकदा मीच विचारलं, बेडूक काय म्हणतो? "कुठला बेडूक?" तो म्हणाला.

सुट्टीवर आला की आम्हाला धक्के बसायचे. एसी बंद करून बाल्कनीत चटईवर झोपायचा. अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून उरलेल्या पाण्यात बनियन धुवायचा. मॉलमधल्या दुकानात नवे कोरे बूटही पाय घालण्याआधी त्याने जमिनीवर आपटून घेतले, आत विंचू असला तर? "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग!" म्हणत त्याची मुलगी इरा दुकानाबाहेर पळाली.

गेल्या हिवाळ्यात तो असाच सुट्टीवर आला असताना जुन्या कंपनीने त्याला परत बोलावलं. वहिनी किती वर्षं याची वाट बघत होत्या. कॅप्टनने फारशी घासाघीस न करता होकार दिला. "खलास! आता कुठे जायचं नाही," असं म्हणून वहिनींनी शुक्रवारी आम्हाला जेवायला बोलावलं.

पानं वाढून झाली आणि आफ्रिकेत तो जिथे उतरायचा त्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. ऐकता ऐकता कॅप्टनने पुढचं पान बाजूला सारलं.

"पावसानंतर तिथल्या बायका मातीच्या धावपट्टीवरून अनवाणी चालतात," फोन ठेवून तो म्हणाला. "जिथे पाय रुततो तिथे उभ्या राहतात, म्हणजे मला वरून कळतं की तिथे चिखल आहे. मी त्यांना टाळून दुसऱ्या अंगाला उतरतो. माझ्या जागी आलेल्या पायलटला वाटलं, पट्टीवर माणसं आहेत, उतरणं धोक्याचं. तो घिरट्या घालून परत गेला. खाली अडलेली बाळंतीण होती. गेली ती."

"आणि बाळ?" वहिनींनी विचारलं.

"तेही."

"मी त्याला सगळं सांगितलं होतं रे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "वारा, गुरं, झाडं, सगळं. एवढंच राहिलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही." बशीतला चहा न चालणाऱ्या या माणसाला भर धावपट्टीवर उभ्या असलेल्या बायकांचंही काही वाटेनासं झालं होतं.

परत तिकडे जातो, असं तो एकदाही म्हणाला नाही. उलट दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला निघाला. तो तयार होऊन बाहेर आला, तर दारात त्याची बॅग भरून ठेवलेली. वहिनींनी भरलेली. त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "तिकडे जा."

विमानतळावर मीच गाडी नेली. त्याला सोडून वहिनींना घरी आणताना मला राहवेना. "वहिनी, अहो, त्याने इथली नोकरी घेतली होती ना?"

"घेतली होती, भाऊजी. माझ्यासाठी घेतली होती. पण आता इथे कितीही मोठं विमान उतरवलं, तरी त्याला समोर त्या बायकाच दिसणार. आणि मला रोज तो दिसणार."

मग त्यांना रडू आवरेना. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.