लहानीच्या डिकीतली बाटली

आमच्या आईला गाडी लागते. एसटीत लागते, रिक्षात लागते, आणि माझ्या गाडीत तर तिचं मोर्शी गाव सुटायच्या आतच तिच्या हातात लिंबू आणि पिशवी असायची. लागायची नाही ती फक्त माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे लहानीच्या गाडीत. हे आईनं दिवाळीत चारचौघांत सांगितलं आणि माझ्या तोंडातला चिवडा कडू झाला.

लहानी अकोल्याला राहते, मी अमरावतीला. मोर्शी मला जवळ. लहानीची गाडी सेकंडहॅन्ड, माझी शोरूममधून हार घालून आणलेली. दोन्ही डिझेलच्या. तरी तिची गाडी कुणाला कळू न देता दारात येऊन उभी राहायची, आणि माझी सिग्नलला थांबली की डॅशबोर्डवरचा छोटा गणपतीसुद्धा थरथरायचा. वर काळा धूर, आणि वेग घेताना हिसके. जुनी गाडी तिची आणि आजारी माझी, याचा मला भारी राग यायचा.

प्रश्न नुसत्या प्रवासाचा असता तर मी सोडून दिलं असतं. वडील गेल्यापासून आई मोर्शीला एकटी होती आणि गुडघ्यांनी तिला जेरीस आणलं होतं. आता एका लेकीकडे कायमचं राहायचं, हे तिनं मान्य केलं होतं. कोणत्या, ते सांगत नव्हती. मी थोरली. तिनं माझ्याकडेच यावं हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं, खोलीला रंगही दिला होता. मध्ये आडवी येत होती ती फक्त माझी गाडी, असं मला खरंच वाटायचं.

तिची गाडी कशानं इतकी ठीक चालते हे लहानीला विचारलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं. पण तिला विचारण्यापेक्षा धूर परवडला. एकदा अकोल्याला गेले असताना, भाजीची पिशवी तिच्या गाडीत राहिल्याचं निमित्त काढून मी तिची डिकी उघडली. कोपऱ्यात, फडक्याखाली, डिझेलमध्ये टाकायच्या इंजेक्टर क्लीनरची रिकामी बाटली. मी तिचा फोटो काढला आणि पिशवी घेऊन साळसूद चेहऱ्यानं आत गेले.

अमरावतीत ऑटो पार्ट्सच्या दुकानात तो फोटो दाखवला, रोज शाळेत शिकवायला गाडीनंच जाते हेही सांगितलं. दुकानदार म्हणाला, "घर ते शाळा एवढीच चालवत असान त इंजेक्टरवर काजळी धरतेच, मॅडम. टाकी खाली होत आली का हे टाका, वरून फुल करा, अन् हायवेवर मोकळी पळवा."

मी पळवली. रविवारी सकाळी नांदगाव पेठच्या पुढपर्यंत जाऊन यायचं. सोबत कुणी नाही, काम काही नाही, नुसती गाडी आणि मनात लहानी. मी फनेल लावून बाटली ओतत होते तेव्हा नवरा बघत उभा होता. म्हणाला, "इतक्या मायेनं मले कधी औषध नाई पाजलं तू."

धूर गेला. थरथर गेली. बाटलीनं की पळवल्यानं, देव जाणे. मी श्रेय बाटलीला दिलं आणि आईला फोन केला की घ्यायला येते.

मोर्शीला पोचले तर तिची बॅग भरून तयार. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आई पुढच्या सीटवर बसली. थोडा वेळ तिनं लिंबू नाकाशी धरलं, मग पर्समध्ये ठेवून दिलं आणि बाहेरच्या संत्र्याच्या बागा बघत बसली. "सुधरली व तुही गाडी," म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अमरावतीत आलो. घराकडे वळायच्या चौकात मी इंडिकेटर दिला.

"वळू नको," आई म्हणाली. "सरळ अकोल्याले घे."

"काहून? आता त गाडी लागत नाई तुले."

"गाडीचं नाई व बाई. तुह्या घरी मले जपून बोला लागते. लहानीचं नाव निघालं का तुह्यं तोंड उतरते. तिच्या घरी मी तुह्यं कौतुक केलं, त ती अजून विचारते, मंग ताई काय म्हणाली म्हणून." मग म्हणाली, "तिनं येऊन नेलं असतं, त तू जन्मभर तिले बोलली असती. म्हणून म्हटलं, तूच नेऊन घाल."

मागून हॉर्न वाजायला लागले. मी इंडिकेटर बंद केला.

मुर्तिजापूरला आईनं चहा मागितला, वर बिस्किटं खाल्ली. तिला एकदा तरी मळमळावं, तिनं परत फिर म्हणावं, असं मला वाटत होतं. आईबद्दल असं वाटू नये, पण वाटत होतं. गाडीनं एकही हिसका दिला नाही.

अकोल्यात लहानी फाटकाशी उभीच होती, म्हणजे तिला आधीच कळवलेलं होतं. तिनं पहिल्यांदा मला मिठी मारली, मग आईला. "ताई, आज राह्य ना व," म्हणाली. मी राहिले नाही. आधी मला मिठी मारली ती आईला दाखवायला तर नव्हे, हाच विचार मी पार बडनेरा येईपर्यंत करत होते.