डीएनए वहिनींची खुर्ची

दिग्रसच्या बाजारात ज्यांना ‘डीएनए वहिनी’ म्हणत, त्या नुसत्या नजरेने कशालाच खरं किंवा खोटं ठरवत नसत. बियाण्याची पिशवी हातात घेत, उलटून पाहत आणि परत देत. “वाचल्याशिवाय सांगता येत नाही,” एवढंच म्हणत.

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत त्या डीएनएचा क्रम वाचणाऱ्या यंत्रावर काम करत. नवराही तिथेच नोकरीला. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी रजा घेऊन त्या सासरी आल्या. सासऱ्यांचं बी-बियाण्यांचं दुकान, कृषी केंद्र होतं. वरच्या खोलीत मी भाड्याने राहत असे आणि बोंडअळी, बोगस बियाणं यांच्या बातम्या पेपरला पाठवत असे. सासूबाई हिंडूफिरू लागल्या, तरी दुकानात मांडलेली वहिनींची खुर्ची काउंटरमागून हलली नाही.

सासरे गिऱ्हाइकाला सांगत, “आमची सून डीएनए वाचते. हे काय, समोरच बसली हाये.”

“काका, हे बियाणं मी तपासलेलं नाही,” वहिनी लगेच गिऱ्हाइकाला म्हणत.

“पाहा, बाई कशी खरं बोलून राह्यली,” म्हणत काका दोन पिशव्या जास्त घेत.

यंत्र कसं वाचतं, हे एकदा दुकान रिकामं असताना त्यांनी मला सांगितलं. वाचायच्या धाग्यासमोर यंत्र त्याचा जोडीदार धागा घडवत जातं, एका वेळी एकच अक्षर. प्रत्येक अक्षराला आपला रंग आणि टोकाला कुलूप. कुलपामुळे पुढचं अक्षर जोडलं जात नाही, तेवढ्यात रंगाचा फोटो निघतो. मग रंग आणि कुलूप काढायचं, की पुढचं अक्षर.

“आणि कुलूप निघालंच नाही तर?” मी विचारलं.

“तो धागा तिथेच थांबतो. बाकीचे पुढे जातात.” त्यांनी काउंटर पुसायला घेतला.

प्रयोगशाळेने जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. सासरे म्हणाले, “पेरणी होऊ दे, पोरी. तू बसली का माल उठते.” नवरा फोनवर म्हणे, बाबांना दुखवू नकोस.

मग कपाशीची बोंडं फोडली, तर आत गुलाबी अळी. लोकांनी शिव्या सासऱ्यांना दिल्या, पण प्रश्न वहिनींना विचारले.

“तुमी बसल्या होत्या म्हून घेतलं आमी. मंग हे कसं काय?”

“अळी मारणारं बियाणं खरं असेल, तरी अळी आता त्याला जुमानत नसेल. मी तपासलेलं नाही, दादा.”

“तेच तं. कायले नाही तपासलं?”

 वहिनींनी हैदराबादला परतायला बॅग भरली. सासरे दारात उभे राहिले. “आता गेली तं लोक म्हनतीन, पळाली.” बॅग माळ्यावर गेली.

वहिनींनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. “दुकानातलं बियाणं मी तपासलेलं नाही, एवढं छापा. म्हणजे मला जाता येईल.” चार ओळींची बातमी फोटोसह आली. पेपरच्या डेस्कने मथळा दिला, ‘तपासणीशिवाय बियाण्यावर विश्वास नको : डीएनए तज्ज्ञ’. सासऱ्यांनी कात्रण लॅमिनेट करून खुर्चीच्या मागे टांगलं. “तज्ज्ञ लिवलं हाये पेपरात,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

दिवाळीनंतर हैदराबादहून फोन आला. त्यांच्या जागी नवी मुलगी घेतली होती आणि यंत्रातली एक अडचण तिला सुटत नव्हती. वहिनींनी उभ्या उभ्या सगळं समजावलं. कोणता द्रव बदलायचा, कोणती नळी धुवायची. पलीकडे काम झालं, तेव्हा फोन ठेवला.

“कोनाचा फोन होता?” काउंटरपाशी थांबलेल्या माणसाने विचारलं.

“माझ्या ऑफिसचा,” त्या म्हणाल्या.