फुलपाखराचा तुकडा

लेझरची खेळणी नवीनच आली होती, तेव्हा येडगावच्या जत्रेत ती विकणारा एक विक्रेता भेटला. पानाने रंगलेले दात, आणि सेलची पाकिटं कापायला गळ्यात कात्री. दिवेलागणीला तो लेझरच्या तोंडाशी पारदर्शक फिल्मचा चौकोन धरायचा आणि पुढून जाणाऱ्या एखाद्या पाटलाच्या धोतरावर, नेमकं मागच्या बाजूला, लाल फुलपाखरू बसवायचा. पाटील चालले की फुलपाखरू डुलायचं.

मी एक लेझर घेतला, सोबत फुलपाखराची फिल्म मिळाली. बायकोने फिल्म डोळ्यांसमोर धरली. "यात फुलपाखरू कुठाय? नुसत्या रेघोट्या!"

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, गप्प बसणं जमलं नाही. "या रेघोट्या प्रकाश वळवतात, चित्र पलीकडे पडद्यावर तयार होतं. म्हणून फिल्मच्या प्रत्येक तुकड्यात अख्खं फुलपाखरू असतं."

एवढं ऐकून वर्गातली पोरं झोपतात. विक्रेत्याने मात्र पान चघळायचं थांबवलं.

"अख्खं? लई भारी, राव!"

त्याने बायकोच्या हातातली फिल्म घेतली, कात्रीने चार तुकडे केले, एक लेझरपुढे धरला. कनातीवर अख्खं फुलपाखरू उमटलं. तो तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला आणि उरलेले तीन आपल्या डब्यात टाकले.

"मग तुमाला येवढा बास की."