अण्णांचा हात चुकला नव्हता

नरसय्याअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंद्रूपला, महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या खोलीत, उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. फोन बशीरभाईंचा होता; अण्णांच्या गॅरेजशेजारचे गॅरेज त्यांचे. "सर, अण्णा गेले… सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि बस्स." दुपारी स्मशानात गॅरेजच्या गल्लीतली सगळी मंडळी जमली होती. तिथे कुणीतरी हळहळून म्हणाले, "लई मोठा कारागीर. जन्मात एकदाच हात चुकला, तेवढंच." आजूबाजूच्या माना हलल्या. माझीही हलली. त्या हललेल्या मानेची लाज मला आज, पाच आठवड्यांनंतरही, सोडत नाही. कारण अण्णांचा हात चुकला नव्हता, आणि हे डोळ्यांनी पाहिलेला त्या गर्दीत मी एकटाच होतो.

अण्णांचे बालपण मागाच्या खडखडाटात गेले. वडील विणकर, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. कारखाना बंद पडल्यावर अण्णा मोटारींकडे वळले, पण कान मागावरचाच राहिला. वीस माग एकदम चालत असताना नेमका कोणता अडखळतो आहे हे ज्याने लहानपणी ओळखले, त्याला गाडीची कुरकुर काय अवघड! सोलापूर ते मंद्रूप हा माझा रोजचा रस्ता. प्रत्येक गतिरोधकावर पुढून खडखड येऊ लागली तेव्हा एका गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही शॉकअप गेल्याचा निर्वाळा दिला होता. मी गाडी अण्णांकडे नेली. त्यांनी आधी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली; शॉकअप गेला असता तर ती डुलत राहिली असती. मग ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "चालवा सर. बोलू नका." शहराबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आम्ही परतलो. अण्णांनी पुढच्या सीटखाली हात घातला, माझा जेवणाचा डबा बाहेर काढला आणि तो कानाशी हलवला. "चमचा तेवढा घरी ठेवत जा. शॉकअपला अजून दोन वर्षं काय होत न्हाई." मी भौतिकशास्त्र शिकवतो, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

शॉकअप खरोखरच गेले ते पुढे दोन-अडीच वर्षांनी. त्या गोष्टीला आता नऊ वर्षे झाली. पुढच्या चाकाचा शॉकअप एका जाड स्प्रिंगच्या पोटात बसवलेला असतो. तो बदलायचा तर समोरासमोर दोन क्लॅम्प लावून स्प्रिंग आधी दाबून धरावी लागते. पान्याचे तीन फेरे या बाजूच्या क्लॅम्पला, तीन त्या बाजूच्या, अगदी समसमान. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते. म्हणून गल्लीतले सगळे हे काम अण्णांकडे आणून देत, आणि अण्णा पाना हातात घेण्यापूर्वी सर्वांना मागे सरायला लावत. त्या दिवशी आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि प्राचार्यांचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. मी भित्रा माणूस. माझ्या शब्दावर प्राचार्यांचा विश्वास बसणार नाही, असे मला वाटले. मी पुढे झालो आणि फोन सरळ अण्णांच्या कानाला लावला. "एवढंच सांगा अण्णा, अर्धा तास लागेल म्हणून." अण्णांनी मान वळवली. एका बाजूचे फेरे जास्त झाले, स्प्रिंग तिरकी झाली… मला एवढेच आठवते की त्यांचा डावा हात माझ्या छातीवर आदळला आणि मी मागे फेकला गेलो. स्प्रिंगचा तडाखा त्या हातावर बसला.

बशीरभाई धावत आले. "क्या हुआ अण्णा?" रक्ताळलेला हात फडक्यात गुंडाळत अण्णा म्हणाले, "काय न्हाई. हात चुकला माझा." मी तिथेच उभा होतो. माझ्या हातातल्या फोनमधून प्राचार्यांचे 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होते. मी काही बोललो नाही.

दोन बोटे पुन्हा वाकली नाहीत. गल्लीतल्यांनी स्प्रिंगची कामे हळूहळू दुसरीकडे वळवली. वाईटपणाने नव्हे, काळजीनेच, पण वळवली. महिन्याभराने मी अण्णांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "कसं का झालं असंना सर, पाना कुणाच्या हातात होता?" ते स्वतःला लावलेले माप होते. मी मात्र त्यात माझी सुटका शोधली आणि नऊ वर्षे तिच्या सावलीत बसून राहिलो.

त्यांच्या पत्नी अंबूवहिनी तोवर घरी बिड्या वळत. त्यांनी ते सोडले आणि गॅरेजात येऊन दुसऱ्या बाजूचा पाना धरला. माझ्यासारखी चार-दोन जुनी गिऱ्हाइके उरली होती, त्यांची कामे दोघे मिळून करत. "अण्णा, मिस्त्री कोन आनि हेल्पर कोन?" असे गल्लीने डिवचले की अण्णा गंभीरपणे सांगत, "मिस्त्री ती. मी घरीबी हेल्परच हाय." इतक्या सहजतेने कमीपणा पेलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेरावा झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. गॅरेज उघडून त्या एकट्याच बसल्या होत्या. मी सारे सांगितले, फोनसकट. त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगता सर? हात चुकला म्हनून मी काय त्यांना जेवायला वाढायचं थांबवलं होतं? ज्यांनी काम थांबवलं, त्यांना सांगा."

समोरच्या चहाच्या टपरीवर सात-आठ जण होते. मी वर्गात बोलतो तसा नीट उभा राहून बोललो. कुणी चहाला तोंड लावले नाही. शेवटी बशीरभाई म्हणाले, "नौ साल झाले सर… पोरांना शिकवता काय तुमी?" तिथे जे सांगितले तेच इथे लिहितो आहे, एवढेच.

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे बसलो असताना बशीरभाई एका गाडीचा पुढचा शॉकअप स्प्रिंगसकट घेऊन आले आणि त्यांनी तो बाकावर ठेवला. वहिनींनी क्लॅम्प लावले. अण्णा आणि वहिनी दोघे असताना ज्याचा तो आपापल्या बाजूचे फेरे मोठ्याने मोजत असे. वहिनींनी आपल्या बाजूने तेलुगूत मोजायला सुरुवात केली, "ओकटी… रेंडू… मूडू." मग बाकाला वळसा घालून त्या पलीकडे, अण्णांच्या बाजूला गेल्या, तिथले तीन फेरे गप्प राहून दिले, आणि परत अलीकडे येऊन पुन्हा मोठ्याने मोजू लागल्या. बशीरभाईंना राहवेना. "वहिनी, तिकडचं पन मोठ्यानं मोजा की. चुकंल."

पाना न थांबवता वहिनी म्हणाल्या, "तिकडचं ते मोजतात."