दुसऱ्याच्या हातचा ठेका

टिप्टन गावात लेन टॉन्क्सला बीअरचा एकही ग्लास कधी स्वतः विकत घ्यावा लागला नाही, आणि फुकटच्या त्या प्रत्येक ग्लासाने त्याचा जीव जळला. कालव्याकाठच्या 'ब्लाइंड पोनी' पबमध्ये तो शिरला रे शिरला, की कोणीतरी बारच्या फळीवर दोन्ही तळहातांनी 'थंड भट्टी' या गाण्याची सुरुवात बडवायचं. सगळे माना डोलवायचे. मालक न विचारता ग्लास भरायचा. "आपला लेन! काय हात होता गड्याचा!" लेन हसायचा. नुसते दात दाखवण्याला हसणं म्हणत असतील, तर हसायचा.

कारण त्या गाण्याच्या रेकॉर्डवरचा तो हात त्याचा नव्हताच.

टोल एंड हाऊंड्स हा ब्लूज वाजवणारा बँड म्हणजे याच गावातली चार पोरं. व्हिक फेलोज गिटार वाजवायचा आणि गायचा, बर्नी बेस वाजवायचा, माउथऑर्गन वाजवणारा चौथा होता तो आता देवाघरी आहे, आणि ड्रमवर लेन. कारखान्यांच्या क्लबांतून वाजवता वाजवता त्यांना लंडनला रेकॉर्ड करायला बोलावणं आलं. आठवडाभर वाजवून झालं आणि व्हिक म्हणाला, "तुम्ही पोरं जा घरी, किरकोळ कामं उरलीत, मी बघतो." किरकोळ काम म्हणजे लेन. कंपनीच्या साहेबांना त्याचा ठेका रेंगाळलेला वाटला, व्हिकने मान हलवली, भाड्याचा ड्रमर आला आणि लेनचं सगळं पुसून त्या जागी स्वतःचं वाजवून गेला. लेनला कोणी अवाक्षर सांगितलं नाही. रेकॉर्डच्या पाकिटावर मात्र फोटो लेनचा आणि नावही लेनचंच.

ते त्याला कळलं आईच्या बैठकीच्या खोलीत. आईने शेजारीपाजारी बोलावले होते, डब्यातल्या सॅमन माशाची सँडविचेस केली होती. सुई टेकली आणि पहिल्या घावालाच लेनच्या कानाला समजलं. त्याच्या स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा गुणगुणायच्या. चिकटपट्टी लावली, आईचा जुना मोजा कोंबला, तरी ती गुणगुण जायची नाही. रेकॉर्डवर ती नव्हती. ठेका धुतलेल्या बशीसारखा स्वच्छ होता. आई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "माझ्या लेनचे हात गं हे!" लेनने सँडविचचा घास घेतला आणि गिळला. भरल्या घरात आईला काय सांगणार?

पुढची तीन वर्षं स्टेजवर लोकांना रेकॉर्डवरचंच हवं होतं. म्हणून लेनने त्या परक्या माणसाचा ठेका रेकॉर्ड लावून लावून पाठ केला आणि गावोगाव त्याची नक्कल केली. एकदा व्हॅनमध्ये धीर करून त्याने व्हिकला विचारलं. व्हिकने नजरही वळवली नाही. म्हणाला, "रेकॉर्डवर नाव तुझंच आहे ना? मग तक्रार कसली?"

ते वाक्य लेनने जपून ठेवलं. हाऊंड्स मोडले, व्हिक दक्षिणेला समुद्रकाठी जाऊन राहिला, त्याने तीन लग्नं केली. लेन वॉल्सॉलच्या कारखान्यात घोड्यांची खोगिरं शिवायला लागला. कातड्यात आरी घुसवताना कोणाचं तोंड डोळ्यांपुढे असायचं, ते त्याची बायको ग्लेनिस न विचारता ओळखायची. आई गेली तीसुद्धा तोच ठेका ऐकत गेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. लेनचा तर सुंभही जळला नव्हता.

आणि एका मंगळवारी दारात व्हिक उभा. केस पांढरे, जाकीट अजून चामड्याचं.

"लेन, म्हाताऱ्या! जिवंत आहेस?"

"तुझ्यामागे कोणीतरी उरायला हवं ना. ये आत."

एका कंपनीला हाऊंड्सचा नवा अल्बम हवा होता. मूळची माणसं, पिकलेल्या वयाची. 'थंड भट्टी' नव्याने वाजवायचं. व्हिक बोलत होता आणि लेन फक्त त्याचे हात बघत होता. व्हिकने चहाचा मग दोन्ही हातांनी धरला होता. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. इतक्या वर्षांत लेनला कशाने झाला नसेल एवढा आनंद त्या गाठी बघून झाला.

"येतो," लेन म्हणाला. "एक अट आहे. सगळ्यांनी एका खोलीत, एकदम वाजवायचं. मध्ये काच नको, पडदा नको. जुने लोक वाजवायचे तसं."

"अरे, हाच तर खरा ब्लूज!" व्हिकने गहिवरून त्याच्या पाठीवर थाप मारली. "मनात काही ठेवलं नाहीस, मोठा माणूस तू."

व्हिक गेल्यावर ग्लेनिसने कप उचलले. "मोठ्या माणसा, काय शिजतंय ते सांग आता."

"एका खोलीत वाजवलं की माझा ड्रम सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतो. मग मला पुसून काढता येत नाही."

"एवढंच? त्यासाठी गालातल्या गालात हसतोयस होय?"

"त्यालाही नंतर काही दुरुस्त करता येत नाही," लेन म्हणाला. "त्याच्या गिटारच्या माइकमध्ये मी बसलेला असणार. जे चुकेल ते जन्मभर राहणार, त्याच्या नावाने. त्यानेही एकदा घरच्यांच्यात बसून ऐकावं की."

"सत्तरी आली तुझी, लेन."

"म्हणून तर घाई आहे."

तेव्हापासून तो बागेतल्या शेडमध्ये जाऊन 'थंड भट्टी' घोटायला लागला, रेकॉर्डवरच्याच वेगाने. शेजारच्या कुत्र्याने भुंकणं सोडून दिलं, ग्लेनिसने सोडलं नाही.

डडलीच्या एका बंद पडलेल्या चॅपलमध्ये बर्नीला घेऊन त्या तिघांनी रेकॉर्डिंग केलं. रेकॉर्डिंग सांभाळणारी जोडी नावाची मुलगी माइक लावता लावता म्हणाली, "लेन, तुमचा स्नेअर गुणगुणतोय. घट्ट करून देऊ?"

"त्याला बोट लावलंस तर गाठ माझ्याशी आहे," लेन म्हणाला. ती बिचारी हबकली. तिला काय ठाऊक!

संथ गाणी नीट झाली. शेवटी 'थंड भट्टी' आलं. गाण्याचा वेग ड्रमर ठरवतो. त्याने काठ्या आपटून चार मोजले की मग बँडच्या म्होरक्यालाही तोंड उघडता येत नाही. व्हिकला हे माहीत होतं, म्हणून तो आधीच जवळ आला.

"लेन, जरा सावकाश घे हं. वय झालं आपलं."

"रेकॉर्डवर आहे तसंच घेणार. लोकांना तेच हवंय."

"अरे, पण ही बोटं..."

लेनने काठ्या आपटल्या.

सुरुवातीचा तो गडगडाट त्याने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गुणगुणत्या ड्रमवर काढला, आणि त्याचे डोळे भरून आले. पण दया वगैरे काही आली नाही. गिटारची जागा आली. तरुणपणी व्हिक इथे सुरांचा पाऊस पाडायचा. आता दोन सूर निघाले आणि बोटं अडकली. मग एक सूर, मग पुन्हा काहीच नाही. चांगला ड्रमर अशा वेळी जोडीदाराला सांभाळून घेतो, रिकामी जागा भरून काढतो. लेनने उलट केलं. जिथे व्हिक थांबला तिथे त्याने हात हलका केला, इतका की चॅपलमध्ये व्हिकचा श्वास ऐकू यावा. प्रत्येक भोक उघडं पडेल अशी व्यवस्था केली.

"माझा तेवढा भाग मी परत घेतो," व्हिक घाम पुसत म्हणाला.

"तेवढाच नाही घेता येणार," जोडी म्हणाली. "तुमच्या माइकमध्ये सगळा ड्रम आहे. घ्यायचं तर अख्खं गाणं घ्यावं लागेल."

व्हिकने पुन्हा प्रयत्न केला. अर्ध्यात हातात गोळा आला आणि गिटार मांडीवर आडवी पडली. पहिलंच ठेवावं लागलं. त्या संध्याकाळी लेनने मासा आणि चिप्स बोटं चाटत खाल्ले, ग्लेनिसच्याही वाटणीचे.

अल्बम आला. व्हिकची बेअब्रू छापून आलेली वाचायला लेन रोज पेपरवाल्याकडे खेटे घालू लागला. आणि एक दिवस छापून आलं. 'परिपक्वता कशाला म्हणतात ते फेलोज यांच्या गिटारमधून ऐकावं. तरुणपणी ते किती सूर वाजवता येतात हे दाखवत. आज कुठले वाजवायचे नाहीत, हे त्यांना कळलं आहे. ती मौनं काळजाला हात घालतात.' दुसऱ्या पेपरात तेच, तिसऱ्यातही तेच. ड्रमबद्दल एक ओळ होती: 'टॉन्क्स नेहमीप्रमाणे दमदार.'

"नेहमीप्रमाणे!" लेन ओरडला. "मौनं! लुळी पडली होती रे त्याची बोटं, गाढवांनो!"

ग्लेनिस हसून हसून जिन्याच्या पायरीवर बसली. "खड्डा खणलास आणि त्यात त्याचा पुतळा उभा केलास! शाबास रे माझ्या पठ्ठ्या!"

लेन तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. एवढा जन्म डूख धरला, त्याचं हे फळ? देव आहे की नाही, असं त्याला खरोखर वाटलं.

एका रविवारी दुपारी 'ब्लाइंड पोनी'त व्हिकचा सत्कार ठेवला होता. करड्या वाटाण्यांची आणि बेकनची पातेली मांडली होती, अल्बम चालू होता. लेन कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. बारजवळ गिटार शिकवणारा एक दाढीवाला व्हिकचा हात सोडत नव्हता. "त्या मोकळ्या जागा! एवढं थांबायला काय छाती लागते! मी पोरांना तेच शिकवतो आता." व्हिकपुढे भरलेल्या ग्लासांची रांग लागली होती. व्हिक हसत होता.

लेनने ते हसू पाहिलं आणि तो सावरून बसला. नुसते दात. ते हसू त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं.

थोड्या वेळाने व्हिक गर्दीतून सुटून त्याच्या टेबलाशी आला आणि धपकन बसला.

"लेन, ते मी वाजवलेलं नाही."

"हो का?"

"मला वाजवायचं होतं ते वेगळंच. बोटं वळलीच नाहीत. तुला माहीत आहे. तू समोर होतास."

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, किती नम्र माणूस!" व्हिकने टेबलावर गाठाळलेले हात ठेवले. "मुलीच्या घरी लावलं, ती रडली. डॅड, हे तुमचं सगळ्यात सुंदर, म्हणाली. मी केक खात बसलो. आणि आता कार्यक्रमांत लोकांना तसंच हवंय. त्याच जागा, तेवढंच थांबणं. रोज रेकॉर्ड लावून माझ्याच चुका पाठ करतोय मी."

त्याने मान वर केली. इतक्या वर्षांनी त्याच्या डोक्यात काहीतरी उजाडलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. "लेन... हे कमी होतं का रे पुढे?"

'होतं हळूहळू' असं लेनला म्हणता आलं असतं. बर्नी त्याच्या जागी असता तर म्हणाला असता.

लेन उठला, बारवर गेला आणि त्या पबमध्ये जन्मात पहिल्यांदा स्वतः एक ग्लास विकत घेतला. तो आणून त्याने व्हिकपुढे ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय हात आहे गड्याचा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग लेन वाकून व्हिकच्या कानाशी हळूच म्हणाला, "रेकॉर्डवर नाव तुझंच आहे ना? मग तक्रार कसली?"

सगळे बघत होते. व्हिकने ग्लास उचलला, दात दाखवले आणि प्यायला.