न्हाणीच्या पाण्यावरचा मुळा

त्र्याण्णव साली आमच्या युनिटला आफ्रिकेला जायचा हुकूम आला. शांतिसेना. डोक्यावर निळी टोपी, गाड्या पांढऱ्या, आणि काम म्हणजे भांडणाऱ्या टोळ्यांच्या मुलखातून धान्य, औषधं आणि पाणी पोचवणं. मी नायक होतो, ट्रेड ड्रायव्हर. गाव पळसदेव, तालुका इंदापूर. जाण्याआधी थोडी सुट्टी मिळाली. बाकीच्यांनी देवदर्शन केलं, घरची कागदपत्रं मार्गी लावली. मी इंदापूरच्या बाजारातून मुळ्याचं आणि मेथीचं बी घेतलं, मोज्यात बांधलं आणि किटबॅगच्या तळाशी घातलं. असं बी परदेशात न्यायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी दोन मोजे वापरले असते, एवढंच.

आमच्या कंपनीचा नर्सिंग असिस्टंट होता लान्स नायक किसन. कोऱ्हाळे बुद्रुकचा, म्हणजे तालुका बारामती. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला आबा म्हणायचा, आणि एकदा आबा म्हणून झालं की पुढं वाटेल ते बोलायला मोकळा. आमचं भांडण कालव्याचं. पाणी आधी बारामतीच्या उसाला, उरलंच तर शेपटाला आम्हाला. मी म्हणायचो, तुझ्या बापाच्या उसानं माझ्या बापाची ज्वारी वाळवली. तो म्हणायचा, तुमाला अख्खं धरण दिलंय की, मासं धरा. कंपनीतल्या पंजाब्यांना आमचं हे रोजचं भांडण ऐकून वाटायचं, हे दोघं एकमेकांचे भाऊबंद असणार.

कॅम्प माळावर होता. पाणी बाउझरनं, म्हणजे टँकरनं यायचं, माणशी बादली ठरलेली. जेवणात डब्यातला वाटाणा, डब्यातलं गाजर, सगळ्याला डब्याचीच चव. ताजी भाजी गावच्या बाजारातून कधीमधी यायची, तेव्हा कुकहाउसवर किसनचं राज्य असायचं. बाहेरची पानं काढून टाकायची. पहिल्या टबात माती धुवायची. दुसऱ्यात लाल दवा, गावाकडं पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचे तीच, गुलाबी पाणी होईल इतकी. त्यात भाजी अर्धा तास बुडलेली राहिली पाहिजे. तिसऱ्या टबात उकळून गार केलेलं पाणी. साल निघत असेल तर काढायचं. मटणाची सुरी भाजीला लावायची नाही. आणि हे सगळं करणाऱ्याचे हात आधी साबणानं. कुकनं कंटाळून विचारलं, काकडीला आंघोळ घालायची की तिचं लग्न लावायचं? किसन म्हणाला, दोन्ही, पण हळद न्हाय लावायची.

आमच्यासारख्याला हे पटणं अवघड. आम्ही शेतातला मुळा उपटतो, धोतराला पुसतो आणि कडाकडा खातो. कांदा बुक्कीनं फोडतो. माती पोटात गेली तर तीच आपल्याला ओळखते, असं माझा बाप म्हणायचा. गोष्ट खरी होती. फक्त ती पळसदेवच्या मातीबद्दल होती.

मी तंबूमागं वाफा केला. पाण्याचा प्रश्न होता, तो मी घरच्या अकलेनं सोडवला. आमच्याकडं न्हाणीचं पाणी कधी वाया जात नाही. ते परसात अळूला, केळीला, कोथिंबिरीला जातं. मी जवानांच्या आंघोळीच्या जागेपासून पाट काढला आणि वाफ्यात सोडला. मुळा असा आला की सुभेदार साहेब खास बघायला आले. फ्रंटवर मला कौतुक कमीच मिळालं, या वाफ्यावर भरपूर मिळालं. मी सगळ्यांना सांगून टाकलं की रविवारी कोशिंबीर.

शुक्रवारी किसन आला. वाफा बघितला, मग पाटाच्या कडेनं उलटा चालत गेला. आंघोळीच्या जागेशी थांबला नाही, आणखी वर गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला. वर संडासाच्या चरांची ओल खाली झिरपत होती आणि माझ्या पाटाला मिळत होती. बारामतीकराला पाणी कुठून येतं हे बरोबर कळतं, असं मी म्हणालो. तो हसला नाही.

"आबा, हे उपटून पुरायचं."

"लाल दव्यात बुडवू की."

"गुवावर वाढल्यालं बुडवून शुद्ध हुत न्हाय. कच्चं तर न्हायच न्हाय. पुरा."

सुभेदार साहेबांनी त्याचंच ऐकलं. मला फावडं दिलं आणि आजच्या आज पुरून टाक म्हणाले. मी पुरले. सगळे नाही. एक मुळा असा होता, पांढराशुभ्र, मनगटाएवढा, की तो पुरायला माझा हात होईना. गाडीच्या आडोशाला गेलो, पॅंटला पुसला आणि पाल्यासकट खाल्ला. इतकी छान चव त्या देशात मला दुसऱ्या कशाची लागली नाही. हे आजही सांगतो.

रविवारी पहाटे कॉन्व्हॉय निघाला. चार गाड्या, लीड गाडी माझी. दूरच्या एका गावातल्या छोट्या दवाखान्याला औषधं आणि पाणी द्यायचं होतं. रस्ता वाईट, आणि अंधारात त्यावर थांबायचं नाही असा हुकूम. पोटात कळ आली ती कॅम्पचं गेट ओलांडल्यावर. पहिल्यांदा थांबलो तेव्हा मी म्हणालो, टायर बघतो. दुसऱ्यांदा म्हणालो, पंखा-पट्टा. तिसऱ्यांदा रेडिओवर सुभेदार साहेब आले.

"अल्फा वन, रुकने का कारण बताओ. ओव्हर."

"इंजिन में खराबी, साब. ओव्हर."

मागच्या गाडीतून किसनचा आवाज मधेच आला. "खराबी इंजिनात न्हाय, ड्रायव्हरात हाय. ओव्हर."

इथपर्यंत गंमत होती. पाचव्या वेळी मी झुडपामागून उठलोच नाही. पिंढऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी, जीभ लाकडासारखी. को-ड्रायव्हरनं स्टिअरिंग घेतलं आणि मला उचलून मागं औषधांच्या खोक्यांवर टाकलं. मागच्या गाडीतून किसन पळत आला, नाडी बघितली आणि बघतच राहिला. तो विनोद करत नव्हता, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सुभेदार साहेबांनी विचारलं, परत फिरायचं का? परत फिरलं तर दवाखान्याला औषधं नाहीत, आणि पुन्हा हा रस्ता कधी मोकळा मिळेल सांगता येत नव्हतं. पुढं गेलं तर दवाखान्यात डॉक्टर होता, पण अंतर तेवढंच होतं आणि रस्ता अधिक वाईट.

"साहेब, पुढं चला," किसन म्हणाला. "मी ह्याला पोचवतो."

सलाईन लावली. ताडपत्रीच्या सळीला बाटली बांधली, तर पहिल्याच खड्ड्यात सुई निखळली. मग त्यानं पुन्हा लावली आणि बाटली हातात धरून उभा राहिला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं सळी, गुडघ्यानं माझा दंड दाबून धरलेला. एक हात भरून आला की दुसरा. सगळ्या वाटेवर तो बसला नाही. माझे डोळे मिटायला लागले की बुटानं ढोसायचा आणि काहीतरी विचारायचा. पळसदेवचं धरणात बुडालेलं देऊळ पाण्यातनं कधी उघडं पडतं? तुमच्या बाजारात मेंढरू कितीला जातं? तुमच्यात लग्नात मुळा आहेर करत्यात का? मी उत्तर दिलं नाही की पुन्हा बूट.

दुसरी बाटली संपत आली तेव्हा मी म्हणालो, किसन, लघवी आलीय. तो खाली वाकला.

"खरं सांगताय, आबा?"

"व्हय."

सैन्यात पुष्कळ शुभवार्ता रेडिओवर ऐकल्या, पण ही एकदाच. को-ड्रायव्हरनं कळवलं, "अल्फा वन, पेशंट ने पानी पास किया. ओव्हर." मग सुभेदार साहेबांचा आवाज आला. "शाबास. दोनों को. आउट." आणि त्यावर किसन हसला. बाटली वर धरूनच हसला. ऊन कलायच्या आत आम्ही पोचलो. औषधं पोचली, मीही पोचलो.

मला शिक्षा झाली. पुढची सगळी टूर, गाडीचं काम सांभाळून, येणारी प्रत्येक भाजी मी धुवायची आणि किसन तपासणार. तो प्रत्येक पान उलटं करून बघायचा आणि टबातलं पहिलं पान स्वतः खायचा. मी विचारलं, तुलाच काही झालं तर? तो म्हणाला, मग सलाईन धरायला तुमी हाय की. आजही माझ्या घरी कोथिंबीर तीन पाण्यांतून निघते. सून म्हणते, मामंजी, ही पलटण नव्हे. मी धुतच राहतो.

सत्त्याण्णव साली आम्ही उत्तरेकडं डोंगरात होतो. गस्तीवर गोळीबार झाला, पुढचा एक जवान जखमी होऊन उघड्यावर पडला. किसन पिशवी घेऊन त्याच्याकडं गेला. पट्टी बांधली. जवान वाचला. किसन परत आला नाही.

त्याला घेऊन कोऱ्हाळ्याला मी गेलो. अंत्यसंस्कार झाले, माणसं पांगली. त्याचे वडील तात्या उसाच्या बांधावर बसले होते. मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाले, "तिकडं त्यो कसा ऱ्हायचा, ते सांगा कायतरी."

मी मुळ्याचं सांगितलं.

तेव्हापासून दरसाल त्याच दिवशी जातो. फोटोला हार होतो, चहा होतो आणि तात्या म्हणतात, सांगा. त्यांना सगळं पाठ आहे. मी झुडपं कमी केली तर ते वाढवून घेतात. हे सगळं मी नकलांसकट करतो, सुभेदार साहेबांचं हिंदी, को-ड्रायव्हरच्या शिव्या, माझं विव्हळणं. गेल्या वेळी लघवीपाशी आलो तसं तात्यांनी थांबवलं.

"मग हसला म्हणताय. कसा हसला?"

मी तोंड उघडलं. पण ती एक नक्कल मला कधी जमली नाही.

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली, मान जरा मागं टाकली आणि हसून दाखवलं. हुबेहूब.